मुंग्यांच्या बाई

वच्छलाबाई चालताना कायम खाली बघून चालायच्या. चाळीत नव्यानं आलेल्या बायकांना वाटायचं, बाई फार मऊ दिसते, नजर वर करत नाही. मऊबिऊ काही नव्हतं. पायाखाली काय चाललंय ते त्या बघत असत. मध्येच थांबायच्या, हातातला रॉकेलचा डबा खाली ठेवायच्या आणि भर बोळात उकिडव्या बसायच्या. मागनं येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकायचा.

"जावा की बाजूनं," बाई म्हणायच्या. "ह्यांची पाळी सुटलीय."

बघावं तर डोंगळ्यांची रांग.

माझी बायको इंदू गेल्या थंडीत गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, घर मोकळं झालं. तेव्हापासून इंदूची आठवण काढायला बसलो की ह्या बाई येऊन बसतात. त्याला कारण आहे. बाईंच्या हातातली बालवाडी माझ्यामुळं गेली. हे माहीत असलेलं घरातलं दुसरं माणूस इंदू होती. आता मी एकटा उरलो. माझी मुलगी छबी पंचावन्नला आली, तिला अजून खरं ठाऊक नाही. ती हे वाचेल म्हणून लिहितो. लपवून ठेवून शेवटी सांगायची कला मला येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. आता बाईंबद्दल सांगतो.

आमची चाळ चिंचवड स्टेशनच्या पलीकडं, रुळांच्या अंगाला. वीस-बावीस खोल्या, वर पत्रे, आत सगळे कंपन्यांतले लोक. मी विजेच्या मोटारींच्या वाइंडिंग खात्यात होतो. तांब्याची तार गुंडाळायची, दिवसभर तेच. चाळीच्या टोकाची खोली रिकामी होती, तिथं चाळ कमिटीनं बालवाडी काढली. बायांनाही कुठं कुठं कामं लागली होती, पोरं रुळावर जायची, म्हणून. साल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल. आमची खोली त्या खोलीला लागून. मागचं मातीचं आवार दोघांत एकच.

वच्छलाबाई दुष्काळात बीडकडून नवऱ्याबरोबर आल्या होत्या. नवरा भोसरीला फाउंड्रीत लागला. बाई सातवी पास. तेवढी शिकलेली बाई चाळीत दुसरी नव्हती, म्हणून कमिटीनं त्यांना घेतलं. खोटं कशाला सांगू, दुसरी असती तर त्यांना घेतलं नसतं. बाई बौद्ध होत्या. काही आया पोराबरोबर तांब्याभर पाणी द्यायच्या, आणि बालवाडीच्या माठाला तोंड लावू नको म्हणून शिकवून पाठवायच्या. बाईंनी दोन दिवसांत ते ओळखलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या पोरांना सांगितलं, "उद्यापासनं सगळ्यांनी घरनं पाणी आणा. माठ फुटलाय."

माठ फुटला नव्हता. मी भिंतीला भिंत लावून राहत होतो, मला तो रोज दिसत होता. पण कुठल्या पोरानं पाणी आणलं आणि कुठल्या नाही, हा प्रश्नच त्यांनी मिटवून टाकला.

ह्या बालवाडीवर त्यांचा फार जीव. दुष्काळाच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती, तळहातावर घट्टे होते. तिथं मुकादम "ए" म्हणून हाक मारायचा. इथं कमिटीच्या तात्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे "बाई" म्हणायला लागले. इंदूला एकदा म्हणाल्या होत्या, "इंदूताई, भाकरी कुठंबी मिळंल. पण बाई म्हणणारं एवढंच एक ठिकाण हाय मला."

पोरांना त्या काय शिकवायच्या? अ आ इ थोडं, गाणी थोडी. त्यांचा आवाज घोगरा होता, गाणं काही जमायचं नाही. बाकीचा वेळ आवारात. गोणपाट अंथरायचं आणि पंधरा-सोळा पोरं पालथी झोपवायची, तोंडं मातीकडं. बाई स्वतः पण पालथ्या, लुगडं खोचून. "हात मागं, डोळे पुढं," एवढा एकच नियम. पोरं हात पाठीवर बांधून मुंग्यांचं वारूळ बघत पडलेली असायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोलिसांनी धरून पाडलीत.

मुंग्यांचं सगळं त्या कंपनीच्या भाषेत सांगायच्या, कारण पोरांना तीच भाषा कळायची. ही पहिली पाळी, ही दुसरी. हा डोंगळा ओव्हरटाइमवर आहे. ह्या दोघी तोंडाला तोंड लावून काय करतात? गेटवर बिल्ला दाखवतात. पोरं घरी येऊन बापाला विचारायची, "बाबा, तुमच्या कंपनीत मेलेल्या माणसाला उचलून कुठं नेतात?" कारण मुंग्या मेलेली मुंगी उचलून एका कोपऱ्यात नेऊन टाकतात, ते त्यांनी बघितलेलं असायचं.

कुठलाही किडा चांगला किंवा वाईट, असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. गोम निघाली की आया किंचाळायच्या. बाई म्हणायच्या, "आधी बघायचं, मग विचारायचं, आणि मग भ्यायचं असलं तर भ्यायचं. बघायच्या आधी कुणी भ्यायचं नाही." गोम त्या स्वतः काडीनं काचेच्या बरणीत घ्यायच्या, पोरांना पाय मोजायला लावायच्या आणि रुळापलीकडं सोडून यायच्या. ती चावते हेही सांगायच्या, कशी आग होते ते स्वतःच्या अंगठ्यावरची खूण दाखवून सांगायच्या.

कमिटीचे अध्यक्ष तात्या म्हणजे पांढरी टोपी, मोठा आवाज, माणूस वाईट नव्हता. ते एकदा तपासायला आले. पोरांना विचारलं, "काय रे, मुंगीपासून आपण काय शिकायचं?" त्यांना हवं होतं कष्ट, एकी, बचत. एक पोर उठून म्हणालं, "तिला कंबर नसतीच जवळजवळ." दुसरी म्हणाली, "ती मागं पण चालती." तात्यांनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "तात्या, बघितलंय तेवढंच सांगतात ती. बाकीचं मोठेपणी शिकतील, तुमच्याकडनं."

तात्यांना राग आला होता. तेवढ्यात त्यांना भिंतीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर दिसलं. लगेच झाडू मागितला. "कमिटीची भिंत घाण करतीय." बाईंनी झाडू दिला, पण धरून ठेवला. "पाच मिनिटं, तात्या. ती आता चिखल घेऊन यील." आली. तोंडात चिखलाची गोळी. ती थापताना बारीक आवाज येतो, भुणभुणल्यासारखा. तात्या टोपी मागं सारून बघत राहिले. पाच मिनिटांची वीस झाली. जाताना झाडू कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाले, "भिंत काय, चुना मारता येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून बघायला आले, घर पुरं झालं का म्हणून.

हसण्यासारखंही पुष्कळ व्हायचं. बाईंनी एकदा सांगितलं, घरात जो जीव दिसेल तो काडेपेटीत घालून आणा. गणपतच्या पप्यानं ढेकूण आणले. चांगले सात. पप्याची आई तरातरा आली. "बाई, आमच्या घरातले ढेकूण तुमी सगळ्या चाळीला दाखवले! काय इज्जत ऱ्हायली आमची?"

बाईंनी शांतपणे काडेपेटी पुढं केली. "हे घ्या तुमचे. मोजून घ्या, सातच हायेत. माझ्याकडचे दोन घालू का वरकड म्हणून?"

दारात बसलेल्या बाया हसून हसून लोळल्या. पप्याची आईसुद्धा हसली. ढेकूण कुणाच्या घरात नव्हते? सगळ्यांच्या होते. किडे मारायची पांढरी पावडरही सगळ्यांच्या घरात होती, कंपनीतून आणलेली, वर्तमानपत्रात बांधून फळीवर ठेवलेली. हे मुद्दाम सांगतो, पुढं कामाचं आहे.

मीही बाईंच्या एका उद्योगात होतो. त्यांनी मला विचारलं, "छबीचे बाबा, बारीक तार मिळंल का? तुकडे चालतील." मी भंगारातले तांब्याच्या तारेचे तुकडे डब्यातून आणून दिले. बाईंनी एकेका तुकड्याचं टोक खिळ्याभोवती वळवून इवलंसं कडं केलं. ते पाण्यात बुडवून काढलं की कड्यात थेंब अडकून राहतो. त्या थेंबातून बघितलं की मुंगी मोठी दिसते. मी रोज किलोकिलोनं ती तार हाताळत होतो, असलं काही मला सुचलं नव्हतं. छबी तेव्हा चार वर्षांची. तो थेंब न सांडता धरायचा म्हणून श्वास कोंडून बसायची, आणि तोंड लाल व्हायचं. मला म्हणाली, "बाबा, मुंगीला केस हायेत." मी बघितलं. होते.

ते शिकणं मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. मी काही पहिल्यापासून त्या बाईच्या विरुद्ध नव्हतो.

सोमवारी पीठ घालायचा दिवस असायचा. मुंग्यांना पीठ घालणं पुण्याचं, म्हणून एरवी कुरकुरणाऱ्या आयासुद्धा त्या दिवशी पोराच्या मुठीत हौसेनं चिमूटभर पीठ द्यायच्या. बाईंना पुण्याचं काही नव्हतं. त्या एका ओळीत पीठ, गूळ, मीठ आणि एक मेलेली माशी ठेवायच्या आणि पोरांना विचारायच्या, आधी कुठं जातील, सांगा. पोरं पैजा लावायची. ज्यानं पीठ आणलं नसेल त्याला दुसऱ्याच्या ढिगातलं थोडं मिळायचं, म्हणजे कुणी रिकाम्या हाताचं राहायचं नाही.

पण मुंग्या बालवाडीपुरत्या राहीनात. वारूळ आमच्याच मागच्या भिंतीला लागून होतं. रांग फळीवर चढली, गुळाच्या डब्यात गेली, भाकरीच्या दुरडीत गेली. इंदू उकळतं पाणी ओतायला निघाली की छबी तिच्या पायाला मिठी मारून आकांत करायची. इंदू हसून पाणी चुलीवर परत ठेवायची. मला हसू येत नव्हतं. एका रविवारी ओव्हरटाइमला कंपनीत गेलो होतो, जेवायच्या सुट्टीत डबा उघडला तर भाजीवर तांबड्या मुंग्या. टेबलावरचे सगळे वाकून बघायला लागले.

"काय राव, आज मुंग्यांचं कालवण?"

"अरे, ह्यांच्या शेजारी ती मुंग्यांची बाई ऱ्हाती ना, तिनं दिलं असंल. त्यांच्यात चालतं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी उपाशी काम केलं, आणि राग कुणाचा यावा? हसणाऱ्यांचा यायला पाहिजे होता. मला बाईंचा आला. सुटताना गोडाऊनवाल्याकडून पावडरचा मोठा पुडा घेतला. घरात होती ती पुरली नसती.

दुसऱ्या दिवशी सोमवार, हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. पहिल्या पाळीला निघायच्या आधी मी आवारात गेलो. चांगलं उजाडलं होतं. वारुळावर, भिंतीच्या कडेनं, गोणपाट अंथरतात तिथपर्यंत मी पावडर टाकली. हात राखला नाही. पांढरीशुभ्र रेघ दिसत होती, आणि काही ठिकाणी ढीगच.

मागं बघितलं तर छबी दारात उभी. डोळे चोळत, केस पिंजारलेले. तिचं तोंड एकदम फुललं.

"बाबा, मुंग्यांना पीठ घातलं तुमी?"

खरं सांगितलं असतं तर तिनं रडून चाळ उठवली असती. मला सात वाजता गेटवर पोचायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय, घातलं. जा आत."

छबे, हे तुझ्यासाठी लिहितो. तू विचारलंस. मी हो म्हणालो. पुढं तू पोरांना जे सांगितलंस ते तुझ्या बापानं तुला सांगितलेलं होतं.

पुढचं मी बघितलेलं नाही, इंदूनं सांगितलेलं आहे. नऊ वाजता पोरं आली. छबी सगळ्यांना ओढत आवारात घेऊन गेली, "माझ्या बाबांनी पीठ घातलं, सगळ्यात जास्ती घातलं." त्या दिवशी एक नवीन पोर दारातच आईला धरून रडत होतं. बाई त्याला समजावायला आत थांबल्या, दोन-चार मिनिटं असतील. पप्यानं पीठ आणलं नव्हतं. छबी म्हणाली, "आमच्यातलं घे." पप्यानं दोन्ही हातांनी उचललं, आपला वेगळा ढीग केला, आणि हात चाटले. पीठ सांडलं की पोरं हात चाटतात. त्याला चव वाईट लागली असणार, तरी चाटले.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना वास आला. एका क्षणात त्यांनी सगळ्या पोरांना "हात वर!" म्हणून ओरडून उभं केलं. पप्याच्या तोंडाभोवती पांढरं होतं. "इंदूताई, सगळ्यांचे हात धुवा, तोंडं धुवा, एकालाबी सोडू नका!" असं ओरडत त्यांनी पप्याला उचललं आणि अनवाणी रस्त्याकडं पळाल्या. तिथं विटांचा टेम्पो आडवं उभं राहून थांबवला. टेम्पोतच पप्याला उलट्या आणि झटके सुरू झाले. दवाखान्यात पोचेपर्यंत बाईंनी त्याला कुशीवर धरून ठेवलं होतं आणि त्याच्या दातांत आपलं बोट अडकू दिलं होतं. बोटाचं हाड दिसत होतं म्हणे.

पप्या वाचला. आठ दिवसांनी घरी आला. पण पुढं दीड-दोन वर्षं त्याला मधूनमधून झटके यायचे, गोळ्या चालू होत्या.

मी पाळी संपवून आलो तेव्हा इंदू भिंतीला टेकून बसली होती. हात लालभडक, पोरांचे हात धुऊन धुऊन. माझ्याकडं बघितलं नाही.

"तुमच्या पिशवीला काल हाच वास येत होता," म्हणाली.

"गप बस," मी म्हणालो.

ती गप्प बसली. तेव्हापासून ते गेल्या थंडीपर्यंत ह्या गोष्टीवर एक शब्द बोलली नाही. नवरा-बायकोत भांडणं झाली, ताटं आपटली, पण हे कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली, बालवाडीच्याच खोलीत. सगळी चाळ जमली होती. बाई फळ्याशेजारी उभ्या, बोटाला बँडेज. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी मागं, दाराजवळ. इंदू छबीला मांडीवर घेऊन बायकांत बसलेली.

पप्याचा बाप गणपत दवाखान्यातनं तसाच उठून आला होता. बोलत होते ते दुसरे. पोरांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"पोरांना मातीत लोळवायची पद्धत कुठली? आपल्यात हाय का असली?"

"तिनंच टाकली असंल पावडर. आनि इसरली असंल."

"आधीच म्हनत होतो, बाई निवडताना बघून घ्या. हिचं पानी टाळलं आपुन, पर पोरं हिच्यापास्नं कशी टाळायची?"

तात्या म्हणाले, "थांबा, थांबा. बाई, पावडर कुणी टाकली?"

तेवढ्यात छबी इंदूच्या मांडीवरून उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "ते पीठ माझ्या..."

"छबे!" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हा चढला. मग हळू म्हणाल्या, "छबे, जा बाहेर. दार लावून घे. मोठ्यांचं चाललंय."

छबी गेली. बाईंनी मान वर केली आणि सगळ्या खोलीतून फिरवत नजर माझ्यावर आणली. रागानं नाही बघितलं. मुंगीकडं बघतात तसंच बघितलं, हात मागं बांधून. आता ही काय करते, बघू. मी भिंतीवर बघितलं, जिथं तात्यांनी राखलेलं ते मातीचं घर होतं.

बाईंनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या, "टाकली कुनी ते मला सांगायचं न्हाई. आवार माझ्या ताब्यात होतं. मी आत गेले, ती चूक माझी. पर एक सांगते. मी पोरांना उचलायला शिकवलं न्हाई. बघायला शिकवलं."

"सांगायचं न्हाई म्हंजे?" कुणीतरी ओरडलं. "म्हंजे हिनंच टाकली!"

आणि ते ठरून गेलं. तात्यांनी दोनदा माझ्याकडंही बघितलं, शेजारी म्हणून, काही बघितलं असेल तर बोल म्हणून. "मी पहिल्या पाळीला होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. फळा पुसायला घेतला तर एकजण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आमी पुसू." तरी त्यांनी पुसला, दुखऱ्या बोटानं, वरपासून खालपर्यंत. महिन्याभरात त्या आणि त्यांचा नवरा चाळ सोडून भोसरीला गेले. सामान हातगाडीवर होतं. कुणी हात लावायला गेलं नाही. इंदू एकटी गेली. आवारात कमिटीनं फरशी घातली.

छबी त्यानंतर मातीत बसली नाही. जेवताना हात हुंगायची. पीठ मळायला तिला कधी सांगता आलं नाही, पिठाचा डबा उघडला की दुसऱ्या खोलीत जायची. मुंगी दिसली की किंचाळत नव्हती, नुसती गोठायची. एकदा, सहा-सात वर्षांची असताना, इंदूला विचारत होती, "आई, मी सांगितलं म्हनून पप्यानं खाल्लं ना?" इंदू म्हणाली, "न्हाई गं बाळा, तुझं काय न्हाई त्यात." आणि माझ्याकडं बघितलं. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. त्यातली एक ओळ वाचत नव्हतो, तरी धरून बसलो होतो.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराला. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपला दुरुस्त केलेली मोटार पोचवायला गेलो होतो. आत चार-पाच बाया ओळीनं बाकावर बसल्या होत्या, पुढं रबरी वॉशरांचे ट्रे. एकेक वॉशर उचलायचा, फिरवून बघायचा, चीर असली तर बाजूला टाकायचा. टोकाला वच्छलाबाई. केस पांढरे व्हायला लागलेले. एक कोवळा सुपरवायझर जाता जाता ओरडला, "ए वच्छला, तो ट्रे झाला का? आवर!" बाईंनी मान न वर करता ट्रे सरकवला.

चहाची घंटा झाली. त्या बाहेर आल्या आणि मला बघून थांबल्या.

"छबीचे बाबा."

"ओळखलंत, बाई?"

"ओळखायला काय. इंदूताई बऱ्या हायेत?"

"बऱ्या हायेत." मग मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, त्या दिवशीचं... मी मीटिंगला... मी आत्ता तात्यांना सांगतो. तुमी चला माझ्यासंगं, मी सगळ्यांसमोर सांगतो."

"कुणाला सांगता? निम्मी चाळ बदलली आसंल. ती बालवाडी हाय का अजून?"

नव्हती. तिथं गॅसच्या टाक्या ठेवत होते.

"मग सोडा ते," बाई म्हणाल्या. कपाळावरचा घाम पदरानं पुसला. त्या बोटाचं टोक वाकडं जुळलं होतं. "छबीला सांगितलं का?"

"काय?"

"काय म्हंजे? दवाखान्यातनं परत आले तवा पोरगी मला म्हनली, बाई, मीच दिलं पप्याला, बाबांनी पीठ घातलेलं. मला तवाच कळलं सगळं. मी गप ऱ्हायले ते तुमच्यासाठी न्हाई, गैरसमज करून घेऊ नका. चार वरसांच्या पोरीच्या तोंडानं तिचा बाप चाळीपुढं पकडून द्यायचा, हे मला जमलं नसतं. ती आयुष्यभर तेच धरून बसली असती. मला वाटलं, तुमी बोलाल. उभी ऱ्हायले किती वेळ."

"चुकलं, बाई."

"ते झालं. माझं जायचं ते गेलं. पर तिच्या डोक्यात अजून तेच असंल, की मी दिलं. पोरं सांगत न्हाईत, आत धरून ठेवतात. सांगितलं का तिला?"

"न्हाई."

बाया चहा संपवून आत जायला लागल्या. सुपरवायझर दारात येऊन घड्याळाकडं बघत उभा राहिला. बाई जागच्या हलल्या नाहीत. मीटिंगला बघितलं होतं तसंच माझ्याकडं बघत राहिल्या.

"कधी सांगता?"

"आज," मी म्हणालो. "घरी गेल्या गेल्या."

"शपथ?"

"शपथ. छबीची शपथ."

बाईंचं तोंड बदललं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. पुढचे दोन दात पडलेले होते. त्यांनी पदर खोचला, चहाचा ग्लास नळाखाली विसळून पालथा ठेवला.

"बरं झालं," म्हणाल्या. "सुटली पोरगी." आणि आत गेल्या.